मागच्या पानावरच्या चार ओळी

प्रति,
मा. संचालक,
अल्पवयीन सुरक्षा कक्ष,
वायलेहुआ विद्यापीठ, हवाई.

विषय : माझ्या नमुना ७ च्या मागच्या पानावरील चार ओळी शुक्रवारचे विमान सुटण्यापूर्वी वाचणेबाबत.

संदर्भ :
१) माझा नमुना ७ (घटना कळवण्याचा कागद), दि. २७ जून.
२) माझ्याविरुद्ध माझीच तक्रार (म्हणजे वरीलच कागद).
३) आपल्या कक्षाचे निलंबनपत्र, दि. २८ जून.
४) माझे अर्ज, दि. १ व ५ जुलै, आणि त्यांवर आलेली दोन आभारपत्रे.

महोदय,

मी वर्ना कालुना, वय एकसष्ट, आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी होडी शिबिराची बावीस वर्षांची सुकाणूवाली, आपणांस तिसऱ्यांदा लिहीत आहे. पहिला अर्ज विनंतीचा होता, दुसरा कळकळीचा. हा कशाचा आहे ते वाचून झाल्यावर आपणच ठरवावे. आपण वाचत आहात की पाकीट वाचत आहे, हे कळायला मला मार्ग नाही. पाकिटाचा खुलासा परिच्छेद ५ मध्ये आहे.

१. मुख्य गोष्ट आधी सांगते. शुक्रवारी, दि. १२ रोजी सकाळी ६.२० च्या विमानाने शिबिरातल्या सहा मुली होड्यांच्या शर्यतीसाठी माउईला जाणार आहेत. मुक्काम तीन दिवस. नियमाप्रमाणे सोबत दोन प्रौढ हवेत. एक आमचा सहप्रशिक्षक किओनी नाकामुरा. दुसरी मी होते. मी निलंबित झाल्यामुळे माझ्या जागी आपल्या कक्षाने व्यायाम प्रशिक्षक श्री. लान्स पिमेंटेल यांना नेमले आहे. ते व्यायाम प्रशिक्षक म्हणून आधीपासूनच त्या विमानात होते, आणि जागाही तेच ठरवतात. नेमणूकपत्रात 'अधिक सुरक्षित पर्याय' असे शब्द आहेत.

माझ्या चार ओळी श्री. पिमेंटेल यांच्याविषयी आहेत.

२. या चार ओळी एका चौदा वर्षांच्या मुलीने मला सांगितल्या. तिचे नाव लिहायचे नाही हा नियम मला मान्य आहे. ती होडीत पाचव्या जागेवर बसते म्हणून मी तिला पाच नंबर म्हणेन. आपल्या कक्षाने कळवले की जागेच्या क्रमांकावरून ओळख पटू शकते, तरी 'अल्पवयीन क' असे लिहावे. होडीत क नावाची जागा नाही. पाच नंबरला विचारले तेव्हा ती म्हणाली, पाच चालेल, क म्हणजे पहिले दोन कोण ते लोक विचारत बसतील.

३. घटना अशी. दि. २७ जून रोजी सकाळी होडी उलटवण्याचा सराव होता. उलांडीची, म्हणजे एका बाजूला आधाराचा ओंडका बांधलेली, होडी मुद्दाम पालथी करायची, सगळ्यांनी मिळून सरळ करायची, मग पाणी उपसायचे. किओनी पहिल्या जागेवर, मी सहाव्या, मध्ये चार मुली. सरावानंतर पोहण्याची परीक्षा होती. पोहणाऱ्यांबरोबर पाण्यात एक प्रौढ असावा या नियमानुसार किओनी तीन मुलींना घेऊन वाळूच्या दांड्याकडे पोहत गेला. पाणी उपसणे हे पाचव्या जागेचे काम असते. त्यामुळे होडीत राहिलो पाच नंबर आणि मी. अकरा मिनिटे. किनारा शंभर हातांवर होता आणि तिथून चाळीसेक माणसे आम्हांला पाहत होती. त्यांतली निम्मी माझी नातेवाईक, म्हणजे नजर ठेवण्यात तरबेज.

तरी नियम ४ मोडला. प्रौढ व अल्पवयीन एकटे राहता कामा नयेत. मी कबूल केले आहे, आजही करते.

आता एक गोष्ट आपणांस ठाऊक नसेल, कारण आपण मुख्यभूमीवरून मार्चमध्ये आलात आणि अजून होडीत बसलेला नाहीत. वल्हवताना मागे वळून पाहायचे नसते. वळले की होडी कलते. सगळ्यांची तोंडे समुद्राकडे आणि वारा समोरून, त्यामुळे पाचव्याचे बोलणे फक्त सहाव्याला ऐकू येते. मुलांना हे पहिल्याच आठवड्यात कळते. गणितात नापास झाल्याचे, आईचा नवा मित्र आवडत नसल्याचे, बहिणीचा फोन आपणच समुद्रात टाकल्याचे, असे सगळे मी बावीस वर्षे मुलांच्या पाठीकडून ऐकत आले आहे. समोरासमोर बसवून, टेबलावर रुमालांचा डबा ठेवून विचारले असते तर त्यांतले एकही मूल बोलले नसते. आपल्या कक्षात असा डबा आहे. भरलेला आहे.

पाच नंबर पाणी उपसता उपसता म्हणाली, "मावशी, मागे वळायचं नाही ना? मग मी असंच समोर बघून सांगते."

पुढे तिने जे सांगितले त्याच त्या चार ओळी :

*निवड झाल्यापासून लान्सकाका मला फोनवर खासगी संदेश पाठवतात.*
*वाचून झाले की पुसून टाक म्हणतात.*
*तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस, असे लिहितात.*
*काल लिहिले : विमानात तुझी जागा माझ्या शेजारी, ५ब ठेवली आहे, आईला सांगू नको.*

हा शेवटचा तिने पुसला नाही.

ती शेवटपर्यंत वळली नाही. मी तिला सांगितले की तू केलेस ते बरोबर केलेस, आणि हे मी गुपित ठेवणार नाही, कुणाकुणाला सांगणार तेही सांगते. ती म्हणाली, ठीक आहे. मग विचारले, शर्यतीला जाता येईल ना? मी म्हणाले, येईल. महोदय, बावीस वर्षांत मुलांना दिलेला एकही शब्द मी मोडलेला नाही. हा मोडायची पाळी आपल्या कक्षामुळे आली आहे.

४. किनाऱ्याला लागताच मी राज्याच्या बालसंरक्षण फोनवर कळवले. नोंद झाली, क्रमांक सोबत जोडला आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, चौकशी आमची आम्ही करू, पण तोवर त्या माणसाला मुलांपासून लांब ठेवणे तुमच्या विद्यापीठाच्या हातात आहे, त्यांच्याकडे नियम असेल. नियम आहे. कलम ११. लांब ठेवायला अर्धा तासही लागत नाही. मग मी मुलीच्या आईला प्रत्यक्ष भेटून सांगितले. मग नमुना ७ भरला.

आणि इथे मी घोटाळा केला.

आमच्या खाडीवरच्या होडी क्लबात रीत आहे. होडी वाळूला लागली की सुकाणूवालीने सगळ्यांच्या आधी स्वतःची चूक सांगायची. वळण चुकले, लाट उशिरा पाहिली, जे असेल ते. मग बाकीच्यांनी आपापले सांगायचे. सुकाणूवालीच लपवायला लागली तर पोरे कशाला खरे बोलतील? ही रीत हाडात इतकी मुरली आहे की नमुना ७ भरतानाही मी पहिल्या पानावर माझी चूक लिहिली आणि मुलीचे म्हणणे मागच्या पानावर. नमुना पुढीलप्रमाणे :

घटनेचा प्रकार (यादीतून निवडा) : *प्रौढ व अल्पवयीन एकटे*
खोलीस दारे किती : *०* (संगणक घेत नाही) *१*
दार उघडे होते काय : *होय*
तक्रार करणारी व्यक्ती : *वर्ना कालुना*
जिच्याविरुद्ध तक्रार, ती व्यक्ती : *वर्ना कालुना*
उभयतांचे परस्परसंबंध : *बरे आहेत*
आणखी काही (मागील पानावर) : *चार ओळी, वर दिल्याप्रमाणे*

५. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निलंबित झाले. त्याबद्दल तक्रार नाही. मीच तक्रार केली होती, तिची दखल घेतली गेली, आनंद आहे. परंतु निलंबनपत्रासोबत आणखी एक कागद होता. कलम १४ अन्वये, जिच्यावर आरोप आहे अशा व्यक्तीने अन्य कर्मचाऱ्याविरुद्ध केलेले निवेदन सूडबुद्धीचे मानले जाते. सबब ते पाकीटबंद करण्यात आले असून मूळ चौकशी संपल्यावर, म्हणजे साठ कामकाजी दिवसांनी, उघडण्यात येईल.

मूळ आरोप करणारी मीच. आरोपीही मीच. सूड मी कुणावर उगवत होते, हे मी दोन दिवस घरी बसून शोधत होते.

साठ कामकाजी दिवस म्हणजे सप्टेंबर संपत येतो. विमान शुक्रवारी आहे. माझे नंतरचे दोन अर्जही 'त्याच विषयाशी निगडित' म्हणून त्याच पाकिटात गेले. मला मिळाली ती आभारपत्रे. दोन्हींत वाक्य एकच आहे, की मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवाज उठवल्याबद्दल कक्ष आपला ऋणी आहे.

(परिच्छेद ६ नाही. लिहिला होता. किओनीने वाचला आणि फाडला. त्यात आपल्या मातोश्रींचा उल्लेख होता, तो त्याला अनावश्यक वाटला.)

७. माझ्या प्रकरणाची चौकशी मात्र जोरात चालू आहे, हे नमूद करणे मी कर्तव्य समजते. दि. ३ रोजी आपले निरीक्षक किनाऱ्यावर आले. बूट घालून आले. नमुन्यात दार एक असे लिहिले आहे, ते दाखवा, म्हणाले. किओनीने क्षितिजाकडे बोट केले. त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिले आणि 'दार उघडे आढळले, कुलूप नाही' अशी नोंद केली. मग खिडक्यांचे विचारले. जाताना भरतीचे पाणी बुटांत गेले तेव्हा ही घटना कोणत्या नमुन्यावर घालावी, याचाही विचार करताना दिसले. या माणसावर माझा राग नाही. तो चांगला माणूस आहे, त्याने भाताचे दोन मुसुबी खाल्ले आणि आभार मानले. परंतु ज्या दिवशी आपला कक्ष समुद्राचे दार मोजत होता, त्याच दिवशी श्री. पिमेंटेल यांनी विमानातल्या जागांची यादी भिंतीवर लावली. ५अ आणि ५ब या जागांसमोरची नावे आपण स्वतः पाहावीत.

८. गैरसमज नको. मी नियमांच्या विरोधात नाही. दोन प्रौढांचा नियम आपले कार्यालय उघडण्यापूर्वीपासून आमच्या क्लबात आहे. तो माझ्या आईच्या पिढीने केला, आणि का केला ते तिने मला सांगितले होते. समारोपाला मुलांच्या गळ्यात हार घालून गालाची पापी घ्यायची ही इथली पद्धत गेल्या वर्षी बंद झाली, तीही मी मान्य केली. स्पर्श नको म्हणून आम्ही जाळ्याच्या लांब काठीला हार अडकवून चार हातांवरून गळ्यात घातले. लहान मुलांना वाटले आपल्याला पकडायला आले. दोघे समुद्रात पळाले. तरीही पाळला नियम.

आपले प्रशिक्षणही मी तीनदा पूर्ण केले आहे. मला अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. प्रशिक्षणाच्या चित्रफितीत निळ्या शर्टातला एक हसरा माणूस योग्य वर्तन करून दाखवतो. दोन्ही हात मागे ठेवतो. दार उघडे ठेवतो. 'अल्पवयीनांना खासगी संदेश पाठवावेत काय?' या प्रश्नावर कॅमेऱ्यात पाहून मान हलवतो. तो माणूस म्हणजे श्री. लान्स पिमेंटेल.

त्यांची सगळी कागदपत्रे पूर्ण आहेत. बोटांचे ठसे आहेत. शिफारसपत्रे पाच आहेत, त्यांतले एक माझे आहे. होय. चार वर्षांपूर्वी मी लिहिले होते की मुले यांच्यावर जीव टाकतात. ते पत्र मी या अर्जाद्वारे परत घेत आहे. परत घेण्याचा नमुना आपल्याकडे नाही, असे काउंटरवर कळले.

९. मुलीच्या आईबद्दल. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते, कमी बोलते. तिने दि. २ रोजी आपल्या कक्षात येऊन स्वतंत्र तक्रार दिली. ती 'आधीच्याच प्रकरणाची दुसरी प्रत' ठरवून माझ्याच पाकिटात घालण्यात आली. म्हणजे आता एका आईची तक्रार माझी सूडबुद्धी म्हणून बंद आहे. तिला तोंडी सांगण्यात आले की काळजी वाटत असल्यास मुलीला शर्यतीला न पाठवण्याचा पर्याय पालकांना नेहमीच खुला असतो.

आईने हे घरी सांगितले तेव्हा मी तिथे होते. पाच नंबर भात खात होती. तिने ताट बाजूला सारले आणि आईला विचारले, "चूक त्याची, आणि घरी बसायचं मी?"

याचे उत्तर आपल्याकडे असल्यास ते लेखी द्यावे, मी नेऊन पोचवते. देताना एवढे लक्षात असू द्यावे की ती घरी राहिली तर बाकीच्या पाच जणी त्याच माणसाबरोबर जातील आणि ५ब वर दुसरी कुणीतरी बसेल.

१०. काल मी चौथ्यांदा आपल्या भेटीसाठी आले. आरोप असलेल्या व्यक्तीस संचालक साक्षीदाराशिवाय भेटू शकत नाहीत आणि साक्षीदार रजेवर आहे, असे कळले. काउंटरवर डार्लिन तोकुनागा असते. तिची मुलगी माझ्या हाताखाली वल्हवायला शिकली. डार्लिनने मला एकही गोपनीय गोष्ट सांगितली नाही, हे मी शपथेवर लिहून देते. तिने फक्त नियमांचे पुस्तक माझ्याकडे फिरवले, कलम ९ वर बोट ठेवले आणि म्हणाली, "वर्नाताई, पाकीट उघडायचे दोनच रस्ते आहेत. साठ दिवस, नाहीतर तू."

मी ते कलम तिथेच उभ्याने वाचले. चौकशी चालू असता आरोप असलेली व्यक्ती सेवेतून गेल्यास चौकशी त्याच क्षणी समाप्त झाली असे समजावे. आणि कलम १४ म्हणते, चौकशी समाप्त होताच पाकीट उघडून त्यातील सर्व कागद संचालकांनी स्वतः एका कामकाजी दिवसात वाचावेत. आणि कलम ११ म्हणते, वाचलेल्या कागदात ज्याचे नाव असेल त्याला चौकशी होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवावे.

तीन कलमे. एकमेकांना लागून नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात आली नसावीत.

११. सबब मी या अर्जासोबत माझा राजीनामा जोडत आहे. तो आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांपासून अमलात येतो. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिणे भाग पडले, कारण यादीत दुसरे जे होते ते 'मृत्यू'.

हा त्याग वगैरे मानू नये. मला होडी सोडायची नव्हती. माझे गुडघे आणखी चार वर्षे सहज टिकले असते. सप्टेंबरमध्ये निर्दोष ठरून परत आले असते, हेही मला माहीत आहे, कारण फिर्यादी म्हणून मी फारसा जोर लावणार नव्हते. पण मी परत येऊन सुकाणू धरायचे आणि पाचवी जागा रिकामी पाहायची, हे मला जमणार नाही.

आता मी आपली कर्मचारी नाही. आरोपी नाही. सूडबुद्धीची असण्याचीही पात्रता उरली नाही. तरी विनंती की,

(अ) पाकीट आज उघडावे व चार ओळी आपण स्वतः वाचाव्यात. वाचायला अर्धे मिनिट लागते, मी घड्याळ लावून पाहिले आहे.
(ब) श्री. लान्स पिमेंटेल यांचे नाव शुक्रवारच्या यादीतून काढावे आणि पाच नंबरचे ठेवावे. उलटे नको.
(क) दुसरी प्रौढ म्हणून शिबिरातल्याच श्रीमती आयरीन बुगादो यांना न्यावे. ठसे, प्रशिक्षण, सगळे पूर्ण आहे. घोरतात, एवढाच दोष.
(ड) प्रशिक्षणाच्या चित्रफितीत दुसरा माणूस घ्यावा. निळा शर्ट तोच ठेवला तरी चालेल.

आभारपत्र पाठवू नये.

आपली, आता कोणत्याही पदावर नसल्याने मोकळेपणाने नम्र,

वर्ना कालुना
~~सुकाणू प्रशिक्षक, उन्हाळी होडी शिबिर~~
वायलेहुआ खाडी
मंगळवार, दि. ९ जुलै २०२४

सोबत :
१. राजीनामा.
२. होडीघराची किल्ली व ओळखपत्र. (फोटो बावीस वर्षांपूर्वीचा. परत मिळाल्यास बरे, चांगला आला आहे.)
३. बालसंरक्षण फोनवरील नोंदीचा क्रमांक.
४. शेवटच्या संदेशाचे छायाचित्र, आईच्या सहीने. यात ५ब असे स्पष्ट दिसते.
५. मुलीच्या आईच्या तक्रारीची नवी प्रत, स्वतंत्र पाकिटात. पाकिटाला गोंद लावलेला नाही.

पोच (आपल्या कक्षाकडे अशी चौकट नसल्याने मीच आखली आहे. काउंटरसमोर उभी आहे, भरून लगेच द्यावी.)

अर्ज मिळाल्याची वेळ : ................
पाकीट उघडल्याची वेळ : ................
वाचणाऱ्याची सही : ................
यादीतून काढलेले नाव : ................
विमानात बसणाऱ्या मुली : *सहा* (हे मी भरले आहे)